दमणगंगेच्या काठानं, अण्णांबरोबर

सिल्वासाला मी सोळा वर्षं नोकरी केली असं सांगितलं, की पनवेलमधल्या माझ्या शेजारणी दोनच गोष्टी विचारतात. तिकडे दारू खरंच स्वस्त मिळते का, आणि तिकडे बघण्यासारखं काय आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. दुसऱ्याचं द्यायला बसले तर दिवेलागण होते, कारण तिथलं जे काही मी पाहिलं ते पायी पाहिलं, रविवारी पाहिलं, आणि जवळजवळ सगळंच माझ्या वडिलांबरोबर पाहिलं.

शहाऐंशी साली मी तिथल्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागले. टोकरखाड्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. शाळेतली मुलं मला 'बेन', म्हणजे बाई, म्हणायची, दूधवाला गुजरातीत बोलायचा, शेजारचे कारकून मालवणचे होते आणि त्यांची बायको माझ्याकडे फक्त माशांबद्दल बोलायची. पुढच्या वर्षी आई गेली. मी एकुलती एक, लग्न झालेलं नव्हतं. दिवसकार्य उरकलं आणि अण्णांना माणगावजवळच्या आमच्या गावातून सिल्वासाला घेऊन आले.

अण्णा खेड्यापाड्यांतून टपाल वाटायचे. तीस वर्षं रोज दहा-बारा मैल चालले, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी अचानक नोकरी सोडली. गुडघे साथ देत नाहीत म्हणाले. सिल्वासात आल्यावर ते गॅलरीतल्या मोड्यावर बसून राहायचे. मी शाळेतून आले की वर्तमानपत्र पुढे करायचे आणि म्हणायचे, तू वाच, तुझ्या आवाजात बरं वाटतं. आई गेल्यामुळे त्यांना घरात आवाज हवासा वाटतो असं मी समजले, आणि रोज अग्रलेखापासून हवामानापर्यंत वाचून दाखवत राहिले.

असे चार-पाच महिने गेले. मग एका शनिवारी जेवताना त्यांनी विचारलं, "इथली नदी कुठल्या अंगाला आहे?"

मी हात करून दाखवलं. ते हाताकडे न बघता म्हणाले, उद्या जाऊ.

नरोलीकडचा काठ

नोव्हेंबर होता. आम्ही सकाळी सातला निघालो, नरोलीच्या रस्त्यानं पुलापर्यंत गेलो आणि पूल ओलांडून काठाकाठानं वरच्या अंगाला चालायला लागलो. दमणगंगा तिथे रुंद आहे पण घाई नसलेली. काठावर काळे गुळगुळीत खडक, मध्ये मध्ये वाळूचे पट्टे, आणि पाणी इतकं संथ की वर उडालेला बगळा खाली पाण्यात उलटा चालतोय असं वाटावं. आमच्याकडच्या नद्या म्हणजे पावसाळ्यात धावणार आणि मार्चात दगड दाखवणार. अण्णा म्हणाले, ही नदी सरकारी नोकरीतली दिसते, वेळेवर येते, वेळेवर जाते.

काठी टेकत ते झपझप चालत होते. मी धापा टाकत मागे. गुडघ्यांचं काय झालं, असं विचारायचं माझ्या मनात आलं, पण आईनंतर पहिल्यांदाच ते मोकळे दिसत होते, म्हणून विचारलं नाही.

नरोलीला तेव्हा कारखाने नुकते येऊ लागले होते. काठावर चार-पाच तरुण माणसं कपडे धूत होती, सुट्टीचा दिवस होता त्यांचा. अण्णा सरळ त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "तुमचं पोस्ट कुठलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गाव कुठलं असं ते कधीच विचारत नसत.

त्यातला एकजण साबणाचे हात झटकत म्हणाला, "शिरपूरकडला शे बाबा आम्ही. हाई यार्ननी कंपनीमा." मग त्यानं अण्णांसाठी हिंदी-मराठीत सगळं परत सांगितलं. सुताच्या कारखान्यात काम, एका खोलीत सातजण, तीन पाळ्या, त्यामुळे झोपायला जागा नेहमीच मिळते. त्यांनी आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा दिला. ठेचा इतका झणझणीत होता की अण्णांनी नदीचं पाणी ओंजळीनं प्यायलं, आणि मग पोरांनी सांगितलं की वरच्या अंगाला म्हशी बसल्यात. अण्णा म्हणाले, आता प्यायलोय तर प्यायलोय.

परतताना रस्त्याच्या कडेला एका माणसानं मडकं उपडं ठेवून त्याच्याभोवती पालापाचोळा पेटवला होता. उबाडियुं म्हणतात त्याला. आत पापडीच्या शेंगा, कंद, रताळी, रानपाल्यात गुंडाळून वाफवलेलं. आमच्याकडच्या पोपटीची सख्खी बहीण. फक्त आमच्याकडे भांबुर्ड्याचा पाला लागतो आणि वर कांदा, इकडे हिरवी चटणी आणि ताक. अण्णांनी डोळे मिटून वास घेतला आणि आईचं नाव घेतलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

किलवणीचा डोंगर

आमच्या शाळेत नवसू नावाचे शिपाई होते. वारली, पन्नाशीचे, किलवणीच्या बाजूच्या पाड्यावर राहायचे आणि रोज सायकलनं यायचे. अण्णांना डोंगर चढायचाय हे कळल्यावर त्यांनी पुढच्या रविवारी घरी बोलावलं.

त्यांचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आणि आत इतकं गार की बाहेरचं ऊन खोटं वाटावं. त्यांच्या बायकोनं, लाडकीबाईंनी, नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण वाढलं. आम्ही नाचणी म्हणतो ती इथे नागली. भाकरी आमच्यापेक्षा जाड, कडा करपवलेल्या. अण्णांनी तीन खाल्ल्या. त्यावर नवसूंनी खजुरीच्या झाडावरून पहाटे उतरवलेल्या ताडीचा गडू पुढे केला. अण्णा म्हणाले, आमच्याकडे माडाची असते. नवसू म्हणाले, ही गोड आहे, चढत नाही. ती चढली नाही हे खरं, पण अर्ध्या डोंगरावर अण्णांना जी गाणी आठवायला लागली ती मी लहानपणीही ऐकली नव्हती.

त्या डोंगराला नाव आहे की नाही कोण जाणे. पाड्यावरचे लोक नुसता डोंगर म्हणायचे. वाट सागाच्या झाडांतून जाते, पायाखाली मोठी वाळकी पानं पापडासारखी मोडतात, आणि शेवटची चढण मुरमाची, घसरडी. वर एक सपाट कातळ आहे. तिथून खाली भाताची खाचरं, कापणी झालेली, मध्ये ताडाची झाडं, दूर नदीची एक रेघ, आणि त्यापलीकडे धुरकट डोंगरांच्या रांगा. नवसू बोट करून गावं सांगत होते. अण्णा मान हलवत होते, हो हो म्हणत होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा नवसूंचं बोट एकीकडे होतं आणि त्यांचं तोंड दुसरीकडे. गडूचा परिणाम, असं म्हणून मी हसले होते.

त्या हिवाळ्यात आम्ही एकही रविवार घरी काढला नाही. शेजारच्या मालवणी वहिनी म्हणायच्या, बाई, लोक देवदर्शनाला चालतात, तुम्ही नुसतेच काय चालता.

खानवेल, साकरतोड नदी

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीत, आम्ही खानवेलला गेलो. जीपनं तासभर. तिथे साकरतोड नावाची छोटी नदी आहे, दोन्ही काठांना गर्द झाडी, आणि पलीकडे टेकडीवर जाणारी पायवाट. नदी ओलांडायला लोकांनी मोठे दगड टाकून ठेवले होते. पाणी कमरेएवढं, पण ओढ बऱ्यापैकी.

पलीकडच्या बाजूला एक वारली बाई बांबूची टोपली पाण्यात धरून मासे पकडत होती. कमरेला ओचा खोचलेला, पाण्यात पाय रोवून स्थिर.

मी पुढे, अण्णा मागे. हल्ली ते नेहमी मलाच पुढे घालायचे. चौथ्या दगडावर मी असताना मागे पाणी फुटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर अण्णा पाण्यात, चष्मा नाही, कपाळातून रक्त, आणि हात हवेत काहीतरी धरायला शोधतायत. दगडांच्या मध्ये पाण्यावर उन्हाचा एक पांढरा कवडसा पडला होता. त्यांनी त्याच्यावर पाय ठेवला होता.

मी उडी मारेपर्यंत ती बाई टोपली टाकून तिथे पोचलीसुद्धा. तिनं अण्णांच्या बगलेत हात घातला आणि लहान मूल काढावं तसं त्यांना काठावर आणून बसवलं. कसला तरी पाला चोळून जखमेवर दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बेन, या डोसाला, या म्हाताऱ्याला, दिसत नाय."

मी म्हटलं, दिसतं त्यांना, पाय घसरला.

"नाय दिसत. मी केव्हाची बघते. पाय टाकायच्या अगोदर काठी टाकतात. तुमच्या लुगड्याच्या रंगामागं चालतात."

मी पिवळी साडी नेसले होते. मागच्या रविवारीही पिवळीच. अण्णांनी शनिवारी रात्री सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, पिवळी नेस, बरी दिसते.

ती बाई वाहून चाललेली टोपली गाठायला निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. दीड वर्ष ज्यांच्याबरोबर एका घरात राहिले, ज्यांना रोज पेपर वाचून दाखवला, त्यांच्याबद्दल एका परक्या बाईला पाच मिनिटांत जे कळलं ते मला कळलं नव्हतं. मला रडू फुटलं. अण्णा ओल्या कपड्यांत बसून होते. म्हणाले, समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू नसतेस. जरा बाजूला बघितलं तर असतेस.

आम्ही टेकडी न चढता परतलो.

वापीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही. कडा राहतील, कदाचित त्याही कमी होतील. अण्णांना हे नवीन नव्हतं. माझ्यावर चिडायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं, तरी आठवडाभर ते चिडलेले होते. पुढचा रविवार आला. मी मुद्दाम उशिरा उठले. बाहेर येऊन बघते तर अण्णा चपला घालून दारात उभे.

मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही तर जायचं कशाला?

"पायांना दिसतं. बाकीचं तू सांग."

तेव्हापासून मी सांगू लागले. सुरुवातीला मला ते अजिबात जमत नव्हतं. मी म्हणायची, डोंगर फार सुंदर दिसतोय. ते विचारायचे, सुंदर म्हणजे किती लांब? मी म्हणायची, झाडावर पक्षी आहेत. ते म्हणायचे, झाड कसलं, किती पक्षी, तोंड कुणीकडे? टपालवाल्याला पत्ता नीट हवा असतो. हळूहळू मला डावं-उजवं कळायला लागलं, अंतरं कळायला लागली. सावरीचं झाड आधी फुलतं की पळसाचं, हे मला अण्णांना सांगता यावं म्हणून माहीत झालं. माणसांच्या बाबतीत ते फार बारीक चौकशी करायचे. दारात कोण बसलंय, काय निवडतंय, चेहरा उतरलेला आहे का. अशी जवळजवळ चार वर्षं गेली. आम्ही रांध्याकडे गेलो, पुन्हा खानवेलला जाऊन ती टेकडी चढलो, बिंद्राबिनच्या देवळापर्यंत काठानं चाललो. त्या मासे धरणाऱ्या बाईला मी दरवेळी शोधायची. ती पुन्हा दिसली नाही.

किलवणी, ब्याण्णव साली

किलवणीच्या डोंगरावर मात्र मधली दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. नवसू निवृत्त झाले होते, त्यांचा थोरला मुलगा कुठल्याशा प्लॅस्टिकच्या कंपनीत लागला होता. डिसेंबरात एकदा अण्णा म्हणाले, त्या कातळावर जाऊ.

शेवटच्या मुरमाच्या चढणीवर आता त्यांना माझा खांदा लागत होता. वर पोचलो. मी डबा उघडला, त्यांना पोळी हातात दिली आणि खाली पाहिलं.

खाली भाताची खाचरं नव्हती. पांढऱ्या पत्र्यांच्या लांबच लांब शेडी होत्या. त्यांच्यामध्ये लाल मातीचा नवा रस्ता, ट्रकांची रांग, दोन धुराडी. ताडाची झाडं मोजून चार. मागे तेवढी नदीची रेघ होती.

शाळेत त्या आठवड्यात तपासणी होती, मी दमलेली होते, आणि अण्णांनी पोळी हातात तशीच धरून ऐकायला मान कलती केली होती. मला ते पत्रे सांगवेनात. मी पाच वर्षांपूर्वीचं सांगायला लागले. कापणी झालीय म्हटलं, खाचरं पिवळी पडलीत, दोन बायका डोक्यावर भारे घेऊन बांधावरून चालल्यात, पुढची बुटकी आहे, मागचीनं हिरवं नेसलंय. बायका मी पदरच्या घातल्या. मला आता सांगायचं इतकं वळण पडलं होतं की त्या मला दिसतही होत्या.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तू मागचं सांगतेस. मघाशी खाली भोंगा झाला. जे आहे ते सांग."

मी म्हटलं, काय करायचंय ऐकून? पत्रेच पत्रे आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

पोळी त्यांनी डब्यात परत ठेवली. मला वाटलं, रागावले. पण मग त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कुणालाही, आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आमच्या गावापलीकडच्या वाडीत जनाबाई नावाची एक विधवा बाई होती. तिचा एकुलता मुलगा पांडुरंग कल्याणला एका खाणावळीत कामाला होता. तो महिन्या-दोन महिन्यांनी पत्र पाठवायचा. जनाबाईला वाचता येत नसे, म्हणून अण्णाच ते तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. वर्षानुवर्षं हे चाललेलं. पंच्याऐंशी साली अण्णांचे डोळे बिघडायला लागले. पाकिटावरचे पत्ते ते कडेच्या नजरेनं कसेबसे ओळखत, जास्त करून अक्षराच्या वळणावरून आणि शिक्क्यावरून. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पांडुरंगाचं एक पत्र आलं. अण्णांनी ते फोडलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि त्यांना एक शब्द लागेना. प्रत्येक ओळीच्या मध्यावर डाग. जनाबाई समोर बसलेली. दिसत नाही म्हणावं तर नोकरी जाईल, आणि त्याहून जास्त म्हणजे लाज वाटली. पांडुरंगाची सगळी पत्रं सारखीच असत. म्हणून अण्णांनी पाठ असल्यासारखं म्हणून टाकलं, मी खुशाल आहे, काळजी करू नको, गणपतीला जमलं तर येतो. जनाबाईनं त्यांना कोकमाचं सरबत दिलं. वाचून झालेली पत्रं ती ठेवत नसे. ते चुलीत गेलं.

दीड महिन्यानं दुसरं पत्र आलं. त्या दिवशी अण्णा आजारी होते, म्हणून ते वाडीच्या मास्तरांनी वाचलं. पांडुरंगाला कावीळ झाली होती. तो सरकारी दवाखान्यात पडून होता. आई, ताबडतोब ये, माझं कुणी नाही, असं त्यानं आधीच्या पत्रात लिहिलं होतं. तू आली नाहीस, आता मला आई नाही, असं या पत्रात होतं. जनाबाईनं डोकं फोडून घेतलं. तिनं मास्तरांना सांगितलं, असं पत्र आलंच नाही, आलं त्यात खुशाल लिहिलं होतं, अण्णांना विचारा.

"आणि मला विचारलं त्यांनी," अण्णा म्हणाले. "मास्तर, जनाबाई, वाडीतली चार माणसं. मी म्हटलं, होय, खुशालच लिहिलं होतं."

लोकांनी ठरवलं की पांडुरंग खोटं बोलतोय, शहरात बिघडला. जनाबाई एकदा कल्याणला गेली, तो खाणावळीच्या बाहेर आला नाही. अण्णांनी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. गुडघे कधी दुखलेच नव्हते.

आईच्या आजारपणात जनाबाई रोज येऊन बसायची, माझ्या केसांना तेल लावायची, हे मला आठवत होतं. माझ्या वडिलांना अप्रामाणिक म्हणणारा कुणी मी तोवर पाहिला नव्हता. त्या क्षणी मी स्वतः तसं म्हणत होते, मनात, आणि त्यांच्या शेजारी बसून म्हणत होते.

अण्णांनी पुन्हा तेच विचारलं, खाली काय आहे.

मग मी सांगितलं. अकरा शेडी आहेत, पांढऱ्या. दोन धुराडी, एकातून काळा धूर, वारा नरोलीकडे आहे. लाल रस्ता आहे, सात ट्रक उभे आहेत. एका फाटकातून माणसं बाहेर पडतायत, शंभरएक असतील, हातात डबे आहेत. पाळी सुटली असावी.

बायका आहेत का त्यांत, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहेत. वीसेक. भराभर चालतायत, किलवणीच्या बाजूला.

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पोळी मागून घेतली.

त्याच संध्याकाळी घरी त्यांनी मला दोन पत्रं सांगितली. एक पांडुरंगाला, त्याच जुन्या पत्त्यावर. पत्ता त्यांनी न अडखळता म्हटला. दुसरं वाडीच्या मास्तरांना, की हे जनाबाईला चार लोकांसमोर वाचून दाखवावं. माझ्या हातून एका वाक्यात 'नाइलाजानं' हा शब्द गेला. त्यांनी पत्र परत वाचून घेतलं आणि तो शब्द खोडायला लावला. नाइलाज नव्हता, म्हणाले.

दुधनी

जानेवारी संपला, काही आलं नाही. फेब्रुवारीतही नाही. रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की अण्णा गॅलरीत उठून उभे राहायचे. पोस्टमन गुजराती होता, त्यालाही कळलं होतं. तो खालूनच हात हलवायचा. तो हात त्यांना दिसत नाही हे त्याच्या लक्षात यायचं नाही, म्हणून काही आलं नाही असं मला आतून ओरडून सांगावं लागायचं.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी कार्ड आलं. अण्णा झोपले होते. मी ते वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुधनीला जायचं ठरलेलं होतं. वाटलं, तिथे वाचू.

दुधनी खानवेलच्याही पुढे. धरणाचं पाणी डोंगरांमध्ये शिरून तिथे मोठा तलाव झालाय. रस्ता संपतो तिथून आम्ही पाण्याच्या कडेनं तासभर चाललो. काठाला एक छोटी होडी बांधलेली होती, तिच्यात कोंबड्या बसल्या होत्या आणि होडीवाला पलीकडच्या झाडाखाली जेवत होता. अण्णांना मी तिन्ही गोष्टी अंतरासकट सांगितल्या. त्यांनी विचारलं, कोंबड्या किती? पाच, मी म्हटलं. मग एका करंजाखाली बसलो, दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली, आणि मी सांगितलं की कार्ड आलंय.

त्यांनी हात रुमालाला पुसले आणि मांडीवर ठेवले.

मी वाचायला सुरुवात केली. पत्र मिळालं. तीन दिवस कुणाला दाखवलं नाही, मग रजा काढून गावी गेलो. मास्तरांनी आईला आधीच वाचून दाखवलं होतं. आई फार थकली आहे. तिला कल्याणला घेऊन आलो आहे, माझ्या बायकोला ती आवडली.

इथे मी थांबले. पुढची ओळ मला आदल्या दिवसापासून टोचत होती. ती गाळली असती तर कार्ड तिथेच छान संपलं असतं. अण्णा वाट बघत होते, तोंड माझ्या जरा उजवीकडे, म्हणजे ते माझ्याकडेच बघत होते. मी वाचली. तुम्ही सात वर्षं गप्प बसलात, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही. आईनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

पाण्यावरून वारा येत होता. अण्णांनी विचारलं, "ते रागाचं परत वाच."

मी पुन्हा वाचलं, आवाज न उतरवता.

त्यांनी मान हलवली. बरोबर लिहिलंय, म्हणाले. मग विचारलं, अक्षर कसं आहे?

मी सांगितलं, मोठं आहे, ओळी सरळ आहेत, कार्ड संपत आलं तरी बारीक झालेलं नाही.

पंच्याची घडी करून त्यांनी डोक्याखाली घेतली आणि गवतावर आडवे झाले. इतक्या वर्षांत आमच्या एकाही फेरीत ते कधी वाटेवर झोपले नव्हते. बसले तरी काठी हातात असायची. त्या दुपारी काठी बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि ते गाढ झोपले होते. करंजाची सावली हळूहळू सरकत गेली. परतीची जीप चुकणार हे मला कळत होतं. मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून सावलीबरोबर थोडी थोडी सरकत, माझी पाठ उन्हाकडे करून, बसून राहिले.